शेवटचा डबा पाहणारे व्याही

तुमच्या दौंडच्या आजोबांनी आयुष्यात एकही गोष्ट हरवलेली नाही. हे मी, त्यांची विहीण, लिहून देते आहे. मुलीकडच्या माणसांबद्दल मुलाच्या आईने इतकं चांगलं लिहून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा हे वाक्य तुम्ही जपून ठेवा, आणि त्यांचा स्वभाव थोडा जरी तुमच्यात उतरला असेल तर त्याच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा.

तुम्ही त्यांना पाहता ते फोनच्या चौकोनात, रविवारी, दहा मिनिटं. ते "जेवलात का?" विचारतात, तुम्ही "हो" म्हणता, मग ते म्हणतात, "काय जेवलात ते परत सांगा." तुम्हाला वाटत असेल की आजोबांना ऐकायला कमी येतं. तसं मुळीच नाही. शेजारच्या घरात कढईत मोहरी पडली तर ते इकडे शिंकायची तयारी करतात. परत म्हणायला लावणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. चौतीस वर्षं ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यातली बरीच वर्षं अशा लहान स्टेशनांवर, जिथे रूळ एकच आणि गाड्या दोन्ही बाजूंनी. पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. यांनी विचारलेलं त्याने परत म्हणायचं, त्याने दिलेलं उत्तर यांनी परत म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या वहीत वेळेसकट लिहायचं. गाडी आली तरी काम संपत नाही. तिच्या शेवटच्या डब्यावर एक खूण असते. ती डोळ्यांनी पाहायची. दिसली तर गाडी पुरी आली. नाही दिसली तर मागे कुठेतरी रुळावर चार डबे सुटून उभे आहेत, आणि त्याच रुळावर आता दुसरी गाडी जाणार आहे. "इंजिन तर कोणीही बघतं," ते म्हणतात. "आवाज करतं, धूर सोडतं. शेवटचा डबा बघायला पगारी माणूस लागतो." चौतीस वर्षांत त्यांच्या हद्दीत एकही डबा मागे राहिला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात बरंच काय काय सांगितलं, पण हे एकच वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. त्यांच्या घरी प्रत्येक वस्तू दोन आहेत. चष्मे दोन, छत्र्या दोन, कुलूप एक पण त्याच्या किल्ल्या वेगवेगळ्या दोन घरी. औषधाच्या गोळ्यांचं पाकीटसुद्धा ते मधोमध कापून अर्धं देवघरात आणि अर्धं दप्तरात ठेवतात. तुमची दौंडची आजी एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "नशीब माझं, बायको तेवढी एकच केली." त्यावर हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "तू हरवायची शक्यताच न्हाई. आवाजावरनं सापडतीस." तुमच्या आईबाबांच्या लग्नात त्यांनी दोन गुरुजी ठरवले होते. एक गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि दुसरे, सोवळं नेसून, पहिल्या रांगेत खुर्चीवर तयारीत बसले होते, क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखे. आमच्याकडची मंडळी शिरूरहून पाच जीपगाड्यांतून निघाली होती. मी पहिल्या जीपमधून उतरले, पुढे होऊन नमस्कार केला, तर व्याही माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मला राग आला. वरमाईकडे न बघता हा माणूस रस्त्याकडे काय बघतो आहे? शेवटी पाचवी जीप आली, तिच्यामागून माझा चुलतभाऊ स्कूटरवर आला, तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबवून विचारलं, "तुमच्यामागं कोण?" तो म्हणाला, "माझ्यामागं कोणीच नाही." "नक्की?" "नक्की." मग कुठे ते वळले, हात जोडले आणि म्हणाले, "या विहीणबाई. आता तुम्ही आलात." त्या दिवशी मी हे सासरच्या सगळ्या बायकांना तक्रार म्हणून सांगितलं होतं. आज अभिमान म्हणून सांगते आहे. माणूस कळायला वेळ लागतो.

आता शिक्रापूरची गोष्ट. तुमच्या काकाचं तिथे वर्कशॉप आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. हायवेपासून आत, दोन्ही बाजूंना कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, आणि समोरून दिवसभर ट्रक. मोठ्या गाड्यांचे कारखाने काकाला नकाशा पाठवतात, तो त्याप्रमाणे लोखंडाचे लहान लहान भाग बनवतो. प्रत्येक लॉटमधले काही नग मोजायचे आणि त्याचा रिपोर्ट ठेवायचा. त्या रिपोर्टशिवाय भाग कितीही सुंदर झाला तरी त्याला भंगाराची किंमत. हे मोजायचं आणि रिपोर्टांचं काम यवतची शबाना बघते. तिने डिप्लोमा केला आहे, आणि तिची नजर अशी की केसाच्या जाडीत कुठे जास्त आणि कुठे कमी हे ती सांगेल. पूर्वी रिपोर्टांच्या फायली कपाटात असत. नंतर काकाने सगळं क्लाउडवर नेलं: नकाशे, रिपोर्ट, गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं एका सामायिक फोल्डरमध्ये. शबाना तिच्या टेबलावरून उघडते, काका गाडीत बसून फोनवर उघडतो, आणि पत्रांचं इंग्रजी सुधारायला मी शिरूरला माझ्या लॅपटॉपवर उघडते. काका फार खूश होता. व्याही एकदा सहज वर्कशॉप बघायला आले तेव्हा त्याने त्यांना कौतुकाने सगळं दाखवलं.

"हे सगळं ठेवलंय कुठं?" व्याह्यांनी विचारलं.

"क्लाउडवर, आबा."

"म्हंजी कुठं?"

"म्हणजे त्या कंपनीच्या मशीनवर. लांब कुठेतरी."

"बरं. मग तुमच्याकडं काय हाय?"

"आमच्याकडे हेच दिसतं ना. सगळ्यांना एकच फोल्डर. कोणी एक बदल केला की सगळ्यांकडे लगेच बदल."

व्याही म्हणाले, "म्हंजी एकानं पुसलं की सगळ्यांचं पुसलं."

काका हसला. "कोण पुसतंय, आबा? आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्या यावर चालतात."

"चालू द्या की," व्याही म्हणाले. "त्यांचे व्याही वेगळे."

पुढच्या शनिवारी ते दोन हार्ड डिस्क घेऊन आले. स्वतः विकत घेतलेल्या, आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं: एकीवर अप, दुसरीवर डाऊन. दोन्ही एकदमच आणल्या तेवढ्या त्या एकदाच. त्यानंतर नियम असा की एका शनिवारी अप यायची, सगळ्या फोल्डरची प्रत घ्यायची आणि दौंडला परत जायची. पुढच्या शनिवारी डाऊन. दोघी एका वेळी घराबाहेर कधी नाहीत. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवायची नाही, प्रत्येक शनिवारचा वेगळा कप्पा. काम झाल्यावर डिस्क कॉम्प्युटरला क्षणभरही जोडलेली ठेवायची नाही. "जोडून ठेवली की ती त्याच गाडीचा डबा झाली," ते म्हणत. "गाडी घसरली की तीपण घसरणार."

डिस्क ते जेवणाच्या डब्यातून आणत. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, त्याच्या खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली डिस्क, वर पोळी-भाजी. दौंडहून यवत, यवतहून दुसरी गाडी, असा तो प्रवास. एकदा गाडीत शेजारच्या बाईने फार मायेने विचारलं, "आबा, दुपार झाली, डबा मांडीवर धरून बसलाय नुसता. खाऊन घ्या की." हे म्हणाले, "वरचं खाल्लंय. खाली जेवण न्हाई." "मग काय हाय?" "कारखाना हाय." ती बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. वर्कशॉपमधली पोरं गेटवरच त्यांची चेष्टा करायची. "मास्तर, आज गाडी लेट!" हे घड्याळ बघून सांगायचे, "सहा मिनिटं. राहूच्या फाट्याला उसाचा ट्रॅक्टर आडवा." आणि वहीत लिहायचेसुद्धा.

प्रत झाली की खरा सोहळा. कॉम्प्युटरने 'पूर्ण झालं' म्हटलं म्हणून उठणारा हा माणूस नव्हे. ते प्रत्येक फोल्डरमधली शेवटची फाइल डिस्कवरून उघडायचे, तिच्यातली शेवटची ओळ मोठ्याने वाचायचे, आणि शबानाने तिच्या पडद्यावरून तीच ओळ परत म्हणायची. "छिद्राचा व्यास, बारा दशांश शून्य दोन." "बारा दशांश शून्य दोन, आबा." "ठीक." असे चाळीस-पन्नास फोल्डर. सुरुवातीला शबाना वैतागायची. मला म्हणाली, "आजी, नमाजाला बसल्यावानी बसावं लागतंय वो शनवारी. इकडं तिकडं बघायचं न्हाई, दुसरं कायबी बोलायचं न्हाई." पण एकदा ती तापाने घरी होती आणि काकाने दुसऱ्या कोणाला तिच्या जागी बसवलं, तर तिनेच यवतहून फोन करून विचारलं की शेवटची ओळ नीट वाचली का. सवय लागते ती अशी.

आता मला जे सांगायचं आहे ते मी सरळ सांगते. तुमची आजी व्यवस्थित आहे ही गोष्ट घरात सगळे मान्य करतात, मीही करते. माझ्या कपाटात चादरी रंगाप्रमाणे असतात. पुण्याच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या की ज्याचं टेबल स्वच्छ त्याचं वाक्य स्वच्छ, आणि ते मी पन्नास वर्षं पाळलं. पण काकाचा फोल्डर उघडला की पत्र बाजूला ठेवून मी पसाराच बघत बसे. एकाच नावाच्या फाइली, त्यांच्यापुढे कंसात एक, कंसात दोन, कंसात सतरा. मला वाटलं, एकाच कागदाच्या सतरा प्रती ठेवणारी ही कोण माणसं! मागच्या वर्षी एका सोमवारी दुपारी मी बसले आणि माझ्या लॅपटॉपवरून कंस असलेली प्रत्येक फाइल काढून टाकली. मला वाटलं होतं, माझ्या लॅपटॉपवरचा पसारा, मी आवरला. संध्याकाळी उठले तेव्हा दिवाळीची साफसफाई झाल्यासारखं वाटत होतं.

ते पुसलेलं सगळ्यांचं पुसलं गेलं. आणि त्या फाइली एकाच कागदाच्या प्रती नव्हत्याच. मोजमाप घेणारी मुलं आदल्या लॉटचा रिपोर्ट उघडायची, त्यात नवे आकडे भरायची आणि नाव न बदलता ठेवून द्यायची. कॉम्प्युटर आपला आपण पुढे कंसात आकडा घालायचा. म्हणजे कंसातला प्रत्येक आकडा हा एक वेगळा लॉट, वेगळा दिवस, वेगळं माप. मी तीन वर्षांचे रिपोर्ट काढून टाकले होते.

लगेच कळलं असतं तर क्लाउडच्या टोपलीतून परत काढता आले असते. ती टोपली महिनाभर टाकलेलं राखते. आणि व्याही शनिवारी आले असते तर त्यांना पहिल्याच फोल्डरपाशी कळलं असतं. पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. वर्कशॉपमध्ये सगळे म्हणाले, "आबा, तुम्ही निवांत राहा, आम्ही घेतो प्रत," आणि सहा शनिवार कोणीही घेतली नाही. जुने रिपोर्ट रोज कोण उघडतो? सातव्या आठवड्यात सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, की आमचा माणूस गुरुवारी तपासणीला येतो आहे, तीन वर्षांचे रिपोर्ट तयार ठेवा. त्या गिऱ्हाइकाच्या कामावर वर्कशॉपची निम्मी मशीनं चालतात. रिपोर्ट नाहीत म्हटलं की काम बंद, आणि काम बंद म्हणजे त्या मशीनांवरच्या माणसांना घरी बसवणं.

सोमवारी सकाळी शबानाचा फोन आला. "आजी, तुम्ही काय हलवलंय का वो? कंसातले रिपोर्ट एकबी दिसंना. टोपलीतबी न्हाईत. साहेबांना सांगायला जीभ रेटंना माझी." मी तिला म्हटलं, "तू काही सांगू नकोस. मी सांगते." आणि मुलाला फोन करण्याआधी माझ्या हातून दौंडचा नंबर लावला गेला. का, ते आजही सांगता येत नाही. मी इंग्रजी शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा सगळं कबूल केलं. पलीकडून व्याह्यांचा आवाज: "घटना कोणत्या वारी?"

"सोमवारी. तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यात."

"वेळ?"

"दुपारी दोन ते पाच."

"दोन ते पाच. त्याआधीच्या शनवारी अप येऊन गेली. त्याआधीच्या शनवारी डाऊन. दोन्ही हितं घरात हायेत. विहीणबाई, पाणी प्या आन् या."

त्यांनी मला "असं कसं केलंत" म्हटलं नाही. नंतरही कधी म्हटलं नाही.

काकाला मी समोरासमोर सांगितलं. तो शिरूरला मला घ्यायला आला होता. त्याने ऐकून घेतलं, गाडीचा दरवाजा माझ्यासाठी उघडला आणि दौंड येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. लहानपणी मार्कं कमी पडली की तो असाच गप्प बसायचा, फरक एवढाच की आज मार्कं माझी कमी पडली होती.

व्याही ओसरीवर काळा चष्मा लावून बसले होते. टेबलावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर दोन्ही डिस्क ठेवलेल्या, शेजारी दोन वायरी. काकाने आपल्या लॅपटॉपला अप जोडली. काहीच झालं नाही. व्याही म्हणाले, "वायर बदला." बदलली. आतून टक टक असा आवाज आला आणि तो थांबला. काकाचा चेहरा पाहवेना. दौंडची आजी दारातून म्हणाली, "अगं बाई, आता?" व्याह्यांनी हात पुढे करून अप चाचपली, दोन बोटांनी थोपटली आणि बाजूला ठेवली. "तिनं तिची नोकरी केली. डाऊन लावा."

डाऊन उघडली. तारखेचे कप्पे एकाखाली एक दिसायला लागले आणि काका खुर्चीत मागे टेकला. त्याला वाटलं झालं. मलाही वाटलं. व्याही म्हणाले, "विहीणबाई, शेवटची फाइल उघडा आन् शेवटची ओळ वाचा. मला दिसत न्हाई." मग मी वाचत गेले आणि ते परत म्हणत गेले. बारा दशांश शून्य दोन. आठ दशांश नऊ नऊ. पन्नास वर्षांत मी पुष्कळ पुस्तकं मोठ्याने वाचली आहेत, पण इतकं लक्ष देऊन मला कोणी ऐकलेलं नाही. एका फोल्डरमध्ये मी कंटाळून ओळ न बघता आदलीच परत म्हटली, तर म्हणाले, "ही तुम्ही वाचली न्हाई. आठवली." तो कप्पा परत उघडला. तीन वर्षांचे सगळे रिपोर्ट तिथे होते, शेवटचा एक आठवडा सोडून. तो अपबरोबर गेला होता. त्या आठवड्यातल्या नऊ लॉटचे नमुने रॅकवर ठेवलेले होते, ते शबानाने मंगळवार-बुधवारी पुन्हा मोजले आणि प्रत्येक रिपोर्टवर स्वच्छ लिहिलं की हे माप मागाहून घेतलं आहे. काका म्हणाला होता, "जुनी तारीख टाकली तर कोणाला कळणार आहे?" शबाना म्हणाली, "आबांना कळंल." विषय तिथेच संपला.

दौंडहून निघण्याआधी व्याह्यांनी त्यांची शनिवारची वही माझ्यापुढे सरकवली. "मी सांगतो, तुम्ही लिहा. घटना, वार, वेळ. कारण?"

मी म्हटलं, "माझं नाव लिहिते."

"नाव न्हाई, कारण विचारलं मी."

"मीच कारण आहे, आबा."

"न्हाई," ते म्हणाले. "उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी व्यवस्थित माणूस बसलं तरी त्योच पसारा आवरणार. लिहा, 'वेगवेगळ्या मापांना एकच नाव.' आन् दुसरं लिहा, 'सहा शनवार प्रत न्हाई.' ते माझं. बदली माणूस नेमल्याशिवाय रजेवर गेलो."

मी लिहिलं. मग दोन्ही ओळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या.

गुरुवारी तपासनीस आला. तरुण होता, चुणचुणीत, आणि कोणत्याही वर्षातला कोणताही रिपोर्ट मागायचा. शबाना बोट उचलायच्या आत उघडून दाखवायची. नऊ मागाहून मोजलेल्या रिपोर्टांपाशी तो थांबला आणि त्याने विचारलं, हे काय झालं? काकाने जे झालं ते सांगितलं, माझं नाव न घेता. मग त्याने विचारलं, "तुमची बॅकअपची पद्धत काय?" काकाने वही पुढे केली. तो माणूस वही चाळायला लागला. प्रत्येक शनिवार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती फाइली, शेवटची ओळ कोणती, कोणी वाचली, कोणी परत म्हटली. एके ठिकाणी 'राहू फाटा, उसाचा ट्रॅक्टर, सहा मिनिटं' असंही होतं. तो बराच वेळ वाचत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे कोणतं सॉफ्टवेअर आहे?"

काका म्हणाला, "सॉफ्टवेअर नाही. माझ्या वहिनीचे वडील आहेत."

त्याने आपल्या फोनवर त्या वहीच्या दोन पानांचा फोटो घेतला, परवानगी मागून. काम राहिलं. एकही मशीन थांबलं नाही. मी हे शिरूरमध्ये किती जणींना सांगितलं असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी 'माझे व्याही' हा शब्द मी थोडा मोठ्याने म्हणते हे माझं मलाच ऐकू येतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. फाइलींना नावं द्यायची पद्धत मी घालून दिली: आधी तारीख, मग भागाचा क्रमांक, मग मोजणाऱ्याचं नाव. पोरांनी महिनाभर नाकं मुरडली, आता पाठ झाली आहे. आणि काकाने एक सेवा घेतली, जी रोज आपली आपण दुसरीकडे प्रत घेते. व्याह्यांना तो हे भीत भीत सांगायला गेला. ते म्हणाले, "चांगलं केलंस. यंत्र प्रत घेईल. पण उघडून कोण बघणार?" म्हणून शनिवार चालू राहिले.

फक्त त्यांचा एक डोळा पुरता सुधारला नाही. बारीक अक्षर लागेना. काही महिने त्यांनी ते भिंग धरून रेटलं. मग या उन्हाळ्यात एका शनिवारी मला शिक्रापूरला बोलावलं आणि एक कागद पुढे ठेवला. रेल्वेत एक मास्तर दुसऱ्याच्या हाती स्टेशन सोपवतो तेव्हा लिहितात तसा. डिस्क दोन, त्यातली अप नवी. वायरी दोन. वही एक. खाली त्यांची सही आणि शेजारी 'घेतला' म्हणून रिकामी जागा.

मी म्हटलं, "आबा, अहो, काका आहे, शबाना आहे, इंजिनिअर आहेत. मला कसं देता? माझ्याच हातून तर..."

"म्हणूनच," ते म्हणाले. "त्यांना वाटतं हे हरवत न्हाई. तुम्हाला म्हाईत हाय."

मी सही केली. एम. ए.चा कागद हातात आला तेव्हाही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती. मग मी बसले, प्रत घेतली, फोल्डर उघडत गेले, आणि शबाना पलीकडून परत म्हणत गेली. व्याही खोलीत थांबले नाहीत. बाहेर पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले. काम संपवून मी दोन कप चहा घेऊन बाहेर गेले. कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला तो थोडा बाजूला गेला. मी कप त्यांच्या बोटांना लावून धरला, त्यांनी तो नीट धरेपर्यंत. आम्ही चहा प्यायलो. समोरून ट्रक जात होते. मी वाट पाहत होते की आता ते काही विचारतील, किती फाइली, शेवटची ओळ कोणती. त्यांनी ते काहीच विचारलं नाही.

कप खाली ठेवून ते जरा संकोचाने म्हणाले, "विहीणबाई, आता काम तर काही न्हाई माझं. पण पुढच्या शनवारी येऊ का? नुसता बसायला."